बाळंतपणानंतर बाळाबद्दल नको ते विचार येतात. हा ओसीडी असू शकतो का?

कराडची_लेक

नमस्कार. इथे माझं जुनं नाव आहे, पण त्या नावाने मला ओळखणारे बरेच आहेत, म्हणून हे नवीन घेतलंय. लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मी बाळंतपणाला माहेरी आलेय. सासर पुण्याला. नवरा तिथेच नोकरीला, सुट्टीला येऊन जातो. मुलगा झाला, आता दोन महिन्यांचा होत आलाय. सिझेरियन झालं, पण दोघांचीही तब्येत चांगली आहे. अंगावरचं दूध पुरतं, वजन वाढतंय. आई, काकू, आजी तिघी मिळून करतात, मला ताटावरून उठू देत नाहीत. तक्रार करावी असं काहीच नाही, आणि म्हणूनच कुणाशी बोलताही येत नाही.

बारशाच्या आधीची गोष्ट. आई विळीवर मेथी चिरत बसली होती. मी बाळाला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एकदम डोळ्यांसमोर आलं की मी याला त्या विळीवर... पुढचं लिहवत नाही. विचार नव्हता, चित्रच होतं, लख्ख. हातपाय गार पडले. बाळ काकूकडे दिलं आणि खोलीत जाऊन कडी लावून घेतली.

तेव्हापासून हे थांबलेलं नाही. विळी झाली, मग सुरी, कात्री, मग गच्चीचा कठडा. बाळाला न्हाऊ घालायला मावशी येतात, पाय लांब करून पाटावर बसतात, पायांवर त्याला पालथा घालतात आणि तांब्याने पाणी सोडतात. एकदा त्या आल्या नाहीत. आई म्हणाली, आज तू घाल. मी टाके ओढतात म्हणून सांगितलं. टाके कधीच भरून आलेत. त्याच्या नाकातोंडावर मी पाणी ओततच राहिले तर, हे डोक्यात होतं.

विळी मी जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. आईला सांगितलं धार लावायला दिलीय. रात्री बाळाशेजारी मी झोपत नाही, आईला मध्ये घेते. विचार आला की बोटांच्या पेरांवर जप सुरू करते. एकशे आठ पूर्ण व्हायच्या आत परत तो विचार आला की पुन्हा एकपासून. पाजून होतं, बाळ झोपतं, माझा जप संपलेला नसतो. नवऱ्याला फोन करून विचारते, "मी याला काही करणार नाही ना?" तो म्हणतो, "अगं, तू झुरळ मारत नाहीस!" जरा वेळ बरं वाटतं. मग वाटतं, याला माझ्या डोक्यातलं कुठे माहितेय?

आजीच्या मते बाळंतिणीला बाहेरचं लागलंय. ती रोज दिवेलागणीला मीठ-मोहरी ओवाळते. जिथे बाळंतपण झालं तिथल्या डॉक्टरबाईंना भीत भीत म्हटलं, नको नको ते विचार येतात. त्या म्हणाल्या, झोप पूर्ण करा, सगळ्यांना होतं. पुढच्या पेशंटला बोलावलंसुद्धा.

परवा पहाटे बाळ झोपल्यावर मोबाईलवर वाचत होते, त्यात ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, या मानसिक आजाराबद्दल आलं. मला वाटायचं ओसीडी म्हणजे सारखे हात धुणं. आमची एक आत्या सोवळ्यापायी दारच्या कडीलासुद्धा पाणी लावायची, तशातलं काहीतरी. पण तिथे लिहिलं होतं की फक्त विचारांचाही ओसीडी असतो, आणि बाळंतपणानंतर तो सुरू होऊ शकतो. वाचताना अंगावर काटा आला. बारावीला मी उत्तरपत्रिकेवरचा बैठक क्रमांक इतक्या वेळा तपासायचे की शेवटचा प्रश्न राहायचा. नोकरीला लागल्यावर गॅसचा रेग्युलेटर बंद केलाय का बघायला जिन्यातून परत वर जायचे. घरचे म्हणायचे, फार काळजीवाहू आहे पोर. ते हेच होतं का?

कुणाला असं झालंय का? मी बाळाला धोका आहे का? सगळं खरं सांगितलं तर डॉक्टर बाळ काढून घेतील का, पोलिसांत कळवतील का? आणि गोळ्या घ्याव्या लागल्या तर दूध तोडावं लागेल का?

सातपुड्याचा_वारा

ताई, एवढा विचार करू नका. पहिलं बाळ असलं की असं होतं. मन कशात तरी गुंतवा, सकाळी अनुलोम-विलोम करा, मोबाईलवर रोगांबद्दल वाचणं बंद करा. विचार आला की लगेच झटकून टाकायचा. देवावर भरवसा ठेवा, सगळं छान होईल.

अबोली_नाशिक

अगं, तुला 'तू' म्हणते, चालेल ना? मी यातून गेलेय. माझी मुलगी आता चौथीत आहे.

आधी सातपुडा यांना सांगते. तुमच्या मनात चांगलंच आहे, पण "विचार झटकून टाक" हा सल्ला या आजारात उलटा पडतो. हिचा सगळा दिवस झटकण्यातच जातोय. जप, माळ्यावरची विळी, मध्ये झोपवलेली आई, नवऱ्याला फोन, हे सगळं झटकणंच आहे.

माझी मुलगी झाली तेव्हा आम्ही चौथ्या मजल्यावर राहत होतो. बाल्कनीतून तिला खाली टाकेन हा माझा विचार. मी बाल्कनीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली सासूबाईंच्या कपाटात ठेवायला दिली. कपडे वाळत घालायचे हॉलमध्ये. पावसाळ्यात दुपट्यांना कुबट वास यायचा, सगळे वैतागायचे, पण मी दार उघडू देत नव्हते. पुढे खिडक्याही नकोशा झाल्या. मग तिला उचलून घेणंच नको. मी फक्त पाजायला घ्यायचे, तेही जमिनीवर बसून. मनात तिच्याइतकं कुणावर प्रेम नव्हतं, आणि सगळ्या घराला वाटत होतं की मला मुलगी झाली म्हणून मी नाराज आहे. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मला मानसोपचारतज्ज्ञांकडे माझ्या वहिनीने नेलं. त्यांच्यासमोर मी तोंड उघडायला बराच वेळ लावला. शेवटी एकदम सगळं बोलून टाकलं आणि आता हे फोन उचलून कुणाला तरी बोलावणार म्हणून थांबले. त्यांनी शांतपणे विचारलं, "विचार आल्यावर तुम्ही काय काय करता?" विचार काय आहे यापेक्षा त्यांना त्यात जास्त रस होता. बाल्कनीचं कुलूप, जमिनीवर बसणं, मनातल्या मनात "मी चांगली आई आहे" म्हणणं, सगळं त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, विचार येणं हा तुमचा आजार नाही, त्याला घालवायला तुम्ही जे करता त्याने तो टिकलाय. नायट्यासारखं आहे हे. खाजवलं की क्षणभर सुख वाटतं आणि नायटा पसरतो.

त्यांनी त्या विचाराला पुरावा मानायचं नाही हे शिकवलं. माझं मन म्हणायचं, असा विचार आला म्हणजे आत कुठेतरी तुला तसं करायचंय. ते म्हणायचे, ओसीडी माणसाला जे सगळ्यात प्रिय असतं तिथेच नेमका चावतो. देवभक्ताला देवाबद्दल घाणेरडे शब्द सुचतात, आईला बाळाबद्दल. तुझी आत्या, तुझा बैठक क्रमांक, तुझा रेग्युलेटर आणि हे विचार, मला तरी सगळं एकाच घरातलं वाटतं. "पण जर..." तिथेही होतं आणि इथेही आहे.

उपचार काय होता ते सांगते, कारण त्याची मला आधी फार भीती वाटली होती. भीतीची उतरंड केली. सगळ्यात खाली होतं बाल्कनीचं दार उघडं ठेवून हॉलमध्ये एकटीने बसणं. मग मुलीला मांडीवर घेऊन तसंच बसणं. मग तिला उचलून दारापर्यंत. मग बाल्कनीत. प्रत्येक पायरीवर भीती येऊ द्यायची आणि ती घालवायला काहीही करायचं नाही. पाठ फिरवायची नाही, मनात काही म्हणायचं नाही, सासूबाईंना हाक मारायची नाही. पहिल्या दिवशी उघड्या दारासमोर माझ्या पोटऱ्या थरथरत होत्या, ब्लाउज घामाने चिकटला होता. समोरच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालत होतं, ते मी बघत बसले. वाटलं, हे कधी संपणारच नाही. ते कमी झालं. माझ्या प्रयत्नांनी नाही, आपोआप झालं. पुढच्या वेळी थोडं लवकर झालं.

तुझ्या जपाबद्दल. देवाचं नाव सोड असं मी म्हणत नाही, मीही रोज दिवा लावते. पण विचार पुसायला केलेला जप आणि देवासाठी केलेला जप यातला फरक तुला आतून माहीत आहे. पहिला सोडायचाय. तोही एकदम नाही, उपचार करणाऱ्यांच्या सांगण्याने, पायरीपायरीने.

आणि हे सगळं घरी स्वतःच सुरू करू नकोस. आधी दाखव. का, ते कुणी डॉक्टर सांगतील तर बरं.

तालुक्याचा_डॉक्टर

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. इथे बसून निदान करता येत नाही, ते समोर बसूनच करावं लागतं. पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात.

बाळंतपणानंतर दोन अगदी वेगळ्या गोष्टी होऊ शकतात आणि घरचे, कधी कधी डॉक्टरही, त्यांची गल्लत करतात. ओसीडीत विचार बाईला स्वतःलाच किळसवाणा, परका वाटतो. ती घाबरते, बाळाला त्यापासून वाचवायला जिवाचा आटापिटा करते. तुम्ही विळी लपवलीत, हे त्यातलंच. असे नकोसे विचार बाळाला इजा होण्याचा धोका वाढवतात असा पुरावा नाही. दुसरी गोष्ट म्हणजे प्रसूतीनंतरचा सायकोसिस. हजार बाळंतपणांत एखाद-दोन बायकांना होतो, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत. त्यात झोप येत नाही आणि तिची गरजही वाटत नाही, बोलणं विस्कळीत होतं, आवाज ऐकू येतात, बाळात काहीतरी अशुभ आहे किंवा मला तसा आदेश मिळालाय अशी खात्री वाटते. विचाराची भीती वाटत नाही, तो बरोबरच वाटतो. तिथे त्याच दिवशी दवाखाना, बाळ दुसऱ्या कुणाच्या हाती. स्वतःला संपवावं असं वाटत असेल तरी तसंच, थांबायचं नाही. तुमच्या लिहिण्यात ही लक्षणं मला दिसली नाहीत, पण तपासणीत हे विचारलं जाईल आणि विचारायलाच हवं. अबोली यांनी "आधी दाखव" म्हटलं ते याचसाठी.

नको ते विचार फक्त आजारी माणसाला येतात असंही नाही. रॅकमन आणि डिसिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दाखवलं की कोणताही आजार नसलेल्या बहुतेक लोकांनाही असे विचार येतात आणि ते विचार रुग्णांच्या विचारांसारखेच असतात. कॅनडात नव्या आयांचा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाला चुकून काही होईल हा विचार त्यातल्या सगळ्यांना आलेला, आणि आपणच मुद्दाम काही करू हा विचार जवळजवळ निम्म्या जणींना. तुमच्या काकूला, तुमच्या डॉक्टरबाईंनाही आला असेल. बहुतेकींनी "काय बाई वेड्यासारखं" म्हणून भाजी चिरायला घेतली. ओसीडीत त्याच विचाराला मोठा अर्थ चिकटतो, मग धावपळ सुरू होते.

अबोली यांनी सांगितलेली पद्धत नवी नाही. १९६६ मध्ये लंडनला व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञांनी दोन रुग्णांवर ती वापरली आणि आज ओसीडीवरचा तो पहिल्या पसंतीचा मानसोपचार आहे. २०१३ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात ओसीडीला चिंताविकारांतून काढून वेगळं प्रकरण दिलंय, पण भीती हे त्याचं इंधन आहे हे रोज ओपीडीत दिसतं.

दूध तोडण्याचं भय बाळगू नका. या आजारावरची काही औषधं, उदाहरणार्थ सर्ट्रालिन, दुधात फार थोड्या प्रमाणात उतरतात आणि स्तनपान चालू ठेवून देता येतात. कोणतं, किती, हे तुम्हाला आणि बाळाला बघून ठरवायचं. परिणाम दिसायला दहा-बारा आठवडेही लागू शकतात, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायचं नाही. ओसीडीचे विचार सांगितले म्हणून कुणी पोलिसांना बोलावत नाही आणि बाळ काढून घेत नाही. उलट आई-बाळाला एकत्र ठेवून उपचार करण्याकडे कल आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २००९ पासून तसा वेगळा कक्ष आहे.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवता येईल. तोवर बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा क्रमांक आहे. फुकट आहे, चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं.

चिंचवडकर

नवऱ्याच्या बाजूने लिहितो. माझ्या बायकोचा ओसीडी गॅस आणि कुलपाचा. ती आधी ऑफिसला निघायची, मी नंतर. निघताना मी गॅसच्या बटणांचा फोटो काढून तिला पाठवायचो. मग ती विचारायची, हा आजचाच आहे ना? मग मी बटणाशेजारी त्या दिवसाचा पेपर ठेवून फोटो काढू लागलो. मला वाटायचं मी तिला मदत करतोय. तिच्या समुपदेशक बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं की हा फोटोही आजाराचाच भाग आहे. डच संशोधकांनी प्रयोग केलेत म्हणे, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासली की आठवणीवरचा भरवसा वाढत नाही, उतरतो. आमच्या घरात ते रोज घडत होतं.

मग ठरलं. फोटो बंद, पण हळूहळू, आणि तिच्या संमतीने. आधी पेपर गेला, मग रोजचा फोटो एक दिवसाआड झाला, मग गेला. ती विचारायची तेव्हा मी म्हणायचो, "याचं उत्तर मी द्यायचं नाही असं आपण ठरवलंय. तुला आत्ता खूप त्रास होतोय हे कळतंय मला. मी आहे इथे." पहिले काही आठवडे फार वाईट गेले. ती रडायची, मला निष्ठुर म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर माझा हात थरथरायचा. तुमच्या मिस्टरांना एकदा तरी डॉक्टरांकडे सोबत न्या. फोनवर "तू झुरळ मारत नाहीस" म्हणणारा माणूस प्रेमानेच म्हणतोय, पण त्याला कुणीतरी शिकवायला हवं.

सातपुड्याचा_वारा

वाचलं. मला हे असं असतं याची कल्पना नव्हती. ताई, दाखवून घ्या.

कराडची_लेक

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. अबोलीताई, मला 'तू' म्हणालीस ते फार बरं वाटलं. दुपट्यांच्या कुबट वासाचं वाचून मी रडले.

काल रात्री आईला सांगितलं. सगळं नाही, पण विळी मीच वर टाकलीय आणि का, तेवढं सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली की माझ्या वेळी तिला आडाजवळ जायची भीती वाटायची. मला कडेवर घेऊन ती तिकडे फिरकायचीच नाही, पाणी काकू आणायची. इतक्या वर्षांत हे तिने कुणालाही सांगितलेलं नाही. आम्ही दोघी उशिरापर्यंत जाग्या होतो.

नवऱ्याशी बोलले. तो गुरुवारी रजा टाकून येतोय, साताऱ्याला एका मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळालीय. आजीला सांगायचं की नाही ठरत नाही. ती मीठ-मोहरी ओवाळते त्याने मला त्रास होत नाही, पण तिला 'मानसोपचार' कळलं तर सगळ्या भावकीत कळेल. आणि बाळाला सोबत नेऊ का घरी ठेवू? तिथे गेल्यावर माझं तोंडच उघडलं नाही तर?

अबोली_नाशिक

बाळाला घेऊन जा. तासभर बसावं लागलं तर त्याच्या दुधाची वेळ होईल आणि तुझं अर्धं लक्ष घरी राहील. शिवाय तू त्याला कसं घेतेस, कसं पाजतेस हे डॉक्टरांना दिसलेलं चांगलं. आईलाही ने, बाहेर धरायला कुणीतरी लागेल. आडाची गोष्ट तिने आत सांगितली तर फारच उत्तम, घरात आधी कुणाला होतं का हे ते विचारतातच. आत्याचंही सांग.

तोंड उघडलं नाही तर, याची सोय आत्ताच कर. तू इथे जे लिहिलंस ना, विळीपासून बैठक क्रमांकापर्यंत, ते जसंच्या तसं कागदावर उतरवून पर्समध्ये ठेव. "लिहवत नाही" म्हणून सोडलेलं वाक्यही पूर्ण कर, तिथे ते लागेल. बोलता आलं नाही तर कागद पुढे सरकव. सिझेरियनची फाईल आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत घे. "झोपेची गोळी घ्या" एवढ्यावर भागवलं तर सरळ विचार की हा ओसीडी आहे का, आणि भीतीला सामोरं जायचा मानसोपचार इथे मिळेल का, नाहीतर कुठे मिळेल.

आजीला आत्ता काही सांगू नकोस. टाके दाखवायला चाललेय म्हण. ओवाळू दे तिला, तिचा जीव आहे तुमच्यावर. गुरुवारी संध्याकाळी जमलं तर इथे लिही. मी बघत राहीन.